मोगलाईत जाऊन आलेले पाहुणे

परक्या देशात जाऊन आलेल्या माणसाभोवती चार लोक जमतात आणि विचारतात, "काय पाहिलेत?" देश मोकळा असेल तर दहाजणांची उत्तरे थोड्याफार फरकाने जुळतात. पण ज्या देशाची दारे बंद आहेत, जेथे वर्तमानपत्र हुकुमाने निघते व सभा परवानगीने भरते, त्या देशातून आलेल्यांची उत्तरे जुळत नाहीत. एक म्हणतो, रस्ते स्वच्छ, दवाखाने सुसज्ज, लोक समाधानी. दुसरा म्हणतो, लोक बोलतच नव्हते. तिसरा म्हणतो, अशा ठिकाणी जाणे हेच मुळी पाप. आज उत्तर कोरियाविषयी हा वाद चालतो. नव्वद वर्षांपूर्वी तो रशियाविषयी चालला होता. सिडने व बिॲट्रिस वेब हे विद्वान दांपत्य १९३२ साली रशियात जाऊन आले आणि त्यांनी १९३५ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या नावात 'नवी संस्कृती' या शब्दांपुढे प्रश्नचिन्ह होते. १९३७ च्या आवृत्तीत ते प्रश्नचिन्ह काढून टाकले गेले. ज्या दोन वर्षांत युक्रेनमध्ये माणसे भुकेने मरत होती, त्यांतलेच एक वर्ष या दांपत्याच्या प्रवासाचे होते. उलट आंद्रे जीद हा फ्रेंच लेखक १९३६ साली मित्र म्हणून गेला, सरकारी पाहुणचार घेतला आणि परत येऊन त्याने टीकेचे पुस्तक लिहिले. आपल्याकडे अनंत काणेकरांनी 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' पाहिले, आणि अण्णा भाऊ साठे १९६१ साली तिकडे जाऊन आले ते आपल्या डोळ्यांनी पाहून आले.

हे सर्व दूरचे झाले. बार्शीच्या श्रोत्यांपुढे हा प्रश्न मांडताना मॉस्को गाठण्याचे कारण नाही. येथून पूर्वेला, उत्तरेला किंवा वायव्येला काही कोस चालले की, १९४८ पर्यंत, आपण दुसऱ्या राज्यात शिरत होतो. उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, कळंब, भूम, परांडा ही सर्व गावे निजामाच्या मुलखातली. आपली वडीलधारी मंडळी त्या मुलखाला हैदराबाद संस्थान म्हणत नसत, 'मोगलाई' म्हणत. "मोगलाईतली सोयरीक", "मोगलाईतला माल", "मोगलाईत पळाला" असे शब्दप्रयोग आम्ही लहानपणी ऐकले, तेव्हा मोगलाई जाऊन पुष्कळ वर्षे लोटली होती. पण शब्द गेला नव्हता.

या हद्दीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. भाषा दोन्हीकडे मराठी, देवदैवते तीच, घराघरांत नाती. मधे कुंपण नाही की नदी नाही. तरी अलीकडे चालणारा कलदार रुपया पलीकडे परका होता. तिकडचे नाणे हाली. माल नेताना करोडगिरीचा नाका लागे. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आलेली एव्हरार्ड कॅलथ्रॉपची अडीच फुटी लहान रेल्वे पुढे निजामी हद्दीत शिरून १९११ साली लातूरला पोचली. म्हणजे बार्शीच्या स्टेशनात जो माणूस डब्यात बसे, तो जागचा न उठता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. इतक्या सहज जाता येणाऱ्या देशाला बंद देश कसे म्हणावे, अशी शंका येईल. पण देशाचे बंद असणे हे केवळ वाटेवर ठरत नाही. आत गेलेल्या माणसाशी तेथील माणूस मोकळेपणाने बोलू शकतो की नाही, यावर ते ठरते.

प्रथम त्या पाहुण्यांकडे वळू, जे मोठ्या दरवाजाने आत गेले. मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. संस्थानचे क्षेत्र सुमारे ८२ हजार चौरस मैल, १९४१ ची लोकसंख्या एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या आसपास. हिंदुस्थानातल्या संस्थानांत लोकसंख्येने सर्वांत मोठे हेच. अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने २२ फेब्रुवारी १९३७ च्या अंकावर निजामाचे चित्र छापले ते जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. पाहुण्याला दाखविण्यासारखे तेथे पुष्कळ होते, आणि ते खोटे नव्हते. १९०८ साली मुसी नदीला महापूर येऊन शहरात हजारो माणसे दगावली, तेव्हा विश्वेश्वरय्यांना बोलावणे गेले. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव झाले आणि राजधानी पुरापासून सुरक्षित झाली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले व तेथे सर्व उच्च शिक्षण एका देशी भाषेतून, उर्दूतून, देण्याचा प्रयोग झाला. अजिंठ्याची चित्रे ढासळू लागली होती, ती वाचविण्यासाठी निजाम सरकारने इटलीहून कारागीर आणविले आणि गुलाम यझदानींच्या हाताखाली पुराणवस्तूंचे उत्तम खाते चालविले. अजिंठा पाहावयास जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसावर हे ऋण आहे.

मार्माड्यूक पिक्थॉल हा इंग्रज कादंबरीकार १९२५ साली हैदराबादेस आला आणि दहा वर्षे राहिला. शाळेचा मुख्याध्यापक झाला, 'इस्लामिक कल्चर' हे त्रैमासिक त्याने संपादिले, आणि निजामाच्या आश्रयाने कुराणाचे आपले प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर १९३० साली पुरे केले. त्याला हैदराबादेत विद्येचा आदर करणारे व जुनी संस्कृती जपणारे राज्य दिसले. तो लाचावलेला माणूस नव्हता. त्याच्यासारख्याला जे दिसावयाचे ते त्याला दिसले. चूक एवढीच होती की, ज्या उर्दू विद्यापीठाचे कौतुक त्याच्यासारखे पाहुणे करीत, त्या राज्यात उर्दू मातृभाषा असणारे दहांत एखाद-दुसरे होते. जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलत, पाव लोक मराठी. परभणीच्या किंवा बीडच्या कुणब्याच्या मुलाला तो प्रयोग देशी भाषेचा वाटण्याचे कारण नव्हते. परंतु परभणीचा कुणबी पाहुण्याला भेटावयाचा कोठे?

दुसरे पाहुणे आपल्यातलेच, आणि संख्येने सर्वांत अधिक. तुळजापूर निजामी मुलखात, पैठण निजामी मुलखात, परळी आणि औंढाही तिकडेच. महाराष्ट्राची कुलस्वामिनी परराज्यात होती, हे आज आपण विसरून गेलो आहो. दरसाल हजारो यात्रेकरू हद्द ओलांडीत, देवीची ओटी भरीत आणि परत येत. त्यांनी काय पाहिले? पूजा चालू आहे, पुजारी आहेत, गोंधळ आहे, नैवेद्य आहे. परत येऊन ते म्हणत, "देवीचे सारे यथासांग चालले आहे, जुलूम जुलूम म्हणतात तो कोठे?" व्यापाऱ्याचेही तेच. कापूस, धान्य, गुरे हद्दीपलीकडून आपल्या पेठेत येत. आडतीवर दोन नाण्यांचा हिशेब ठेवावा लागे, एवढाच त्रास. रस्ता चालू आहे तोवर व्यापाऱ्याला बहुतेक राज्ये बरी वाटतात. यात त्याला दोष देण्यासारखे नाही. यात्रेकरू देवीला भेटावयास गेला होता, व्यापारी मालाला. ज्याला ज्याची भेट हवी होती त्याला ती मिळाली.

जे दिसत नव्हते ते काय, हे आता सांगावयास हवे. 'गश्ती निशाण ५३' या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमाने सभेला सरकारची आगाऊ परवानगी लागे. न झालेली सभा कोणत्या पाहुण्याला दिसणार? रस्ता शांत दिसतो, आणि पाहुणा लिहितो, "येथे शांतता आहे." संस्थानी प्रजेने आपल्या हक्कांसाठी राजकीय परिषदा भरविल्या त्या १९२३ साली काकिनाड्याला, १९२६ साली मुंबईला, १९२८ साली पुण्याला आणि १९३१ साली अकोल्याला. चारही गावे हद्दीबाहेरची. आपल्या घराविषयी बोलण्यासाठी ज्यांना शेजाऱ्याच्या ओसरीवर यावे लागते, त्यांच्या घरात काय चालले असेल हे शेजाऱ्याने ओळखावयास हवे होते. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन संस्थानच्या भूमीवर परतूर येथे १९३७ साली भरले, ते गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली. १९३८ च्या सप्टेंबरात स्टेट काँग्रेसवर बंदी आली, ती संस्था रीतसर स्थापन होण्याच्या आधीच. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हणण्याबद्दल उस्मानियाच्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आपल्यात घेतले.

बाहेरून येऊन राहिलेल्या माणसाची गत काय होई, याचे एक जुने उदाहरण बोलके आहे. अघोरनाथ चट्टोपाध्याय हे बंगाली पंडित हैदराबादेत शिक्षणकार्यासाठी आले. १८८३ साली चांदा रेल्वेच्या योजनेत संस्थानचा पैसा कसा खर्च होणार याची चौकशी लोकांपुढे व्हावी, असा आग्रह त्यांनी धरला. त्यांना हद्दपार करण्यात आले. पुढे परत घेतले गेले. त्यांची कन्या सरोजिनी नायडू. त्यांच्या १९०५ सालच्या पहिल्या प्रसिद्ध काव्यसंग्रहात त्या वेळच्या निजामाचे स्तोत्र आहे. एकाच घरात राज्याचे दोन अनुभव होते आणि दोन्ही खरे होते. ज्याने हिशेब विचारला त्याला राज्याचे एक तोंड दिसले, ज्याने विचारला नाही त्याला दुसरे.

यानंतरचे पाहुणे म्हणजे बोलावणे नसता गेलेले. सेनापती बापट १९३८ साली सत्याग्रहासाठी संस्थानात शिरले, तेथील सरकारने त्यांना बाहेर काढले. ते पुन्हा गेले. डिसेंबर १९३८ मध्ये सोलापुरात लोकनायक अण्यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली आणि पुढल्या वर्षी देशाच्या सर्व भागांतून सत्याग्रहींच्या तुकड्या निजामी हद्दीत गेल्या. आत जावे की न जावे, या वादात बाहेरच्या थोरांचेही एकमत नव्हते. गांधीजींनी डिसेंबर १९३८ मध्येच स्टेट काँग्रेसला सत्याग्रह थांबवावयास सांगितले. नागरिक हक्कांचा लढा धार्मिक लढ्यांत मिसळून जाईल आणि प्रजेतील मुसलमान दूर जातील, ही धास्ती त्यामागे होती. स्वामी रामानंद तीर्थ तेव्हा तुरुंगात होते. आतल्या कार्यकर्त्यांना हा निर्णय जड गेला, आणि त्यांचे दुःख समजण्यासारखे आहे. परंतु १९४८ साली जे घडले ते पाहता गांधीजींची धास्ती निराधार होती असेही म्हणवत नाही.

एका पाहुण्याचा उल्लेख आम्ही मुद्दाम वेगळा करतो, कारण त्याने जे पाहिले ते वरीलपैकी कोणालाच दिसले नव्हते. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळ पाहावयास निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. रमजानचे दिवस होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी वेशीजवळच्या लहानशा तळ्यावर हातपाय धुतले. इतक्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की, धेडांनी तळे बाटविले. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. अखेर किल्ल्यात पाण्याला शिवणार नाही या अटीवर मंडळींना आत सोडले आणि बरोबर हत्यारी शिपाई दिला. बाबासाहेबांनी ही हकीकत आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली आहे. निजामाच्या राज्यावर टीका करणाऱ्या हिंदू पुढाऱ्यांना हे तळे दिसले नव्हते, कारण त्यांना तेथे कोणी अडविले नसते. निजामाचे गोडवे गाणाऱ्यांनाही ते दिसले नव्हते. आणि आपण खाली मान घालून हेही कबूल केले पाहिजे की, असे तळे हद्दीच्या अलीकडे शोधावयास फार लांब जावे लागले नसते. फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब पुन्हा निजामी मुलखात आले, ते आपल्याच लहान रेल्वेच्या मार्गावरील कसबे तडवळे येथे, महार-मांगांच्या परिषदेसाठी. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी संस्थानातील दलितांना निजामाची बाजू न घेण्याचा जाहीर सल्ला दिला. हा सल्ला देण्याचा अधिकार त्यांना होता, कारण त्यांनी दोन्ही बाजूंचे पाणी पाहिले होते.

आता शेवटचे वर्ष. १९४७ च्या ऑगस्टनंतर हैदराबाद स्वतंत्र राहू पाहत होते, आणि लातुरात वकिली केलेला कासिम रझवी रझाकारांचा नेता होऊन बसला होता. गावे लुटली जात होती. सीमेवरील आपल्या गावांत निर्वासितांची रीघ लागली होती, लढ्याची शिबिरे उभी होती. जुलै १९४८ मध्ये सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नजला हिंदी लष्कराच्या तुकडीवर हल्ला झाला आणि लष्कराने ते गाव ताब्यात घेतले. याच काळात राजधानीत किती तऱ्हेचे पाहुणे होते! हिंदी सरकारचे प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी जानेवारीपासून तेथे होते. आपल्याकडे येणाऱ्याजाणाऱ्यांवर पहारा असे, अशी त्यांची तक्रार होती. माउंटबॅटनचा वार्ताधिकारी ॲलन कॅम्बेल-जॉन्सन मे महिन्यात येऊन निजाम, पंतप्रधान लायक अली आणि रझवी या तिघांनाही भेटला. सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानाने शस्त्रे उतरवीत होता. या प्रत्येकाने पुढे पुस्तक लिहिले आणि प्रत्येकाचे हैदराबाद वेगळे आहे.

पण या सर्वांहून मोठा साक्षीदार पाहुणा नव्हता. शोएबुल्ला खान हा हैदराबादचाच तरुण मुसलमान संपादक. 'इमरोज' या आपल्या उर्दू पत्रात त्याने रझाकारांचा निषेध केला आणि हिंदी संघराज्यात सामील होण्याचा पुरस्कार केला. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला रस्त्यात गाठून मारण्यात आले. पाहुणा लिहितो तेव्हा त्याचे परतीचे तिकीट खिशात असते. शोएबुल्लाजवळ ते नव्हते. म्हणून बंद देशाविषयी पाहुण्याच्या दहा पानांपेक्षा आतल्या माणसाच्या एका ओळीचे मोल अधिक धरावे, असे आम्हांस वाटते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा निजामी हद्दीत शिरल्या. मुख्य फळी सोलापूरहून निघाली. पाच दिवसांत सारे संपले. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा आज मुक्तिदिन म्हणून पाळतो, आणि तो पाळावयासच हवा. आपल्या वडीलधाऱ्यांनी त्या दिवशी वाटलेली साखर आम्ही कधी विसरणार नाही.

पण इतिहास सांगावयास उभे राहिल्यावर आपल्या सोयीच्या जागी थांबता येत नाही. त्याच वर्षी २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या काळात आणखी एक पाहुण्यांची तुकडी हैदराबादेत हिंडली: पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून ते गेले होते. सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत ते गेले आणि शंभराहून अधिक खेड्यांतल्या पाचशेवर लोकांशी बोलले. रझाकारांचे अत्याचार त्यांनी नोंदविले. त्याबरोबरच पोलीस ॲक्शनच्या काळात व नंतर मुसलमान वस्तीवर उलटलेला सूडही नोंदविला. संपूर्ण संस्थानात मृतांचा आकडा कमीतकमी सत्तावीस ते चाळीस हजार असावा, असा त्यांचा अंदाज. सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे त्यांनी सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. पहिले नाव आपल्या वेशीबाहेरचे आहे. आपल्या लहान रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनाविषयी, लातूरविषयी, ते लिहितात की तेथील सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार त्यांना गावात आढळले. कित्येक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना लपविले, हेही त्यांनीच लिहिले आहे.

सरदार पटेलांना ही समिती व तिचे निष्कर्ष मान्य झाले नाहीत. आकड्यांविषयी आजही अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि तीन आठवड्यांच्या पाहणीत अचूक गणना होत नसते हेही खरे. पण मुद्दा तो नाही. अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या ग्रंथालयात अभ्यासकांना तो पाहावयास मिळू लागला तो २०१३ साली, म्हणजे पासष्ट वर्षांनी. ज्या राज्यात सभा भरू देत नाहीत म्हणून आपण त्याला बंद म्हटले, ते राज्य मोडल्यावर आपल्या मोकळ्या राज्यात हे कागद बंद राहिले. तेव्हा आपली नजरही एका पाहुण्याचीच होती. विजयाच्या दरवाजाने आपण आत गेलो आणि त्या दरवाजातून जेवढे दिसते तेवढे पाहून परत आलो.

आमच्या या प्रतिपादनाचा अर्थ असा घेऊ नये की सर्व मते सारखी, निजामी राज्य व त्याविरुद्धचा लढा एका तागडीत. जुलूम तो जुलूम, आणि तो संपविणाऱ्यांचे उपकार ते उपकार. आमचे म्हणणे इतकेच की, बंद देशात जाऊन आलेल्याला "चांगला की वाईट?" हा प्रश्न विचारण्यात वेळ दवडू नये. तीन साधे प्रश्न विचारावेत. तुम्ही कोणत्या वाटेने आत गेलात? तुमच्याशी कोण बोलले, आणि तुम्ही गेल्यावर त्या माणसाचे काय झाले? तुम्हांला कोणाच्या पाणवठ्यावर नेण्यात आले नाही? या प्रश्नांपुढे पिक्थॉल थोडा अडखळेल, आपला यात्रेकरू थोडा अडखळेल, आणि प्रामाणिकपणे उत्तर द्यावयाचे तर आपणही अडखळू.

जाऊ नये, असे आम्ही म्हणणार नाही. दौलताबादला बाबासाहेब गेले नसते तर त्या तळ्याची हकीकत कोणी लिहिली असती? सुंदरलाल गेले नसते तर लातूरचे ते आकडे कोणाच्याही कागदावर उतरले नसते. जावे; पण परत आल्यावर आपण पाहिले ते सांगताना, जे आपल्याला दाखविले नाही त्याचीही जागा कोरी ठेवावी.

आज बार्शीहून धाराशिवला जाताना हद्द लागत नाही. हाली गेले, करोडगिरी गेली, लहान रेल्वेच्या जागी मोठा रूळ आला. मधला रस्ता तासाभराचाही नाही. त्या रस्त्याने जाताना वाटेत एखाद्या गावी उतरावे आणि तेथल्या अगदी म्हाताऱ्या माणसाला, मग तो कोणत्याही आळीचा असो, विचारावे की, "त्या वर्षी तुमच्या घरी काय झाले?" आणि तो बोलू लागला की मधे बोलू नये.